शुद्धीचा रकाना

"मागे नाड्या लावणाऱ्यालाच एकदा हा अंगरखा घालायला लावा," हॉस्पिटलच्या खाटेवर बसलेले सर पुटपुटले. बायको त्यांच्या पाठीशी वाकून तिसऱ्यांदा गाठ मारत होती. मग तिला बाहेर बाकावर बसवलं.

हर्नियाचं साधं ऑपरेशन, पण भूल पूर्ण द्यायची होती. आणि सरांचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलेला.

सिस्टर फॉर्म घेऊन आली. नाव, वय, कवळी आहे का, सगळं भरून शेवटचा रकाना उरला: रुग्ण शुद्धीवर आहे का? ती 'होय'वर खूण करणार, तोच सरांनी अडवलं. मी बोलतो, पापण्या हलवतो, एवढंच तुला दिसतं. आत अनुभवणारा कुणी आहे की नाही हे बाहेरून कसं कळणार? पोरगी प्रामाणिक. तिने लिहिलं, 'रुग्णाच्या मते सांगता येत नाही.'

ते वाचून भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी सुई खाली ठेवली आणि मेंदूच्या डॉक्टरांना बोलावलं. ते टॉर्च आणि हातोडी घेऊन आले. हाक मारल्यावर ओ दिली की आमच्या शास्त्रात माणूस शुद्धीवर, असं त्यांनी सांगितलं. बटण दाबल्यावर दारावरची बेलही ओ देते, असं सर म्हणाले. आज वार कोणता विचारलं, तर सर काळ खरा की भास इथपासून सुरू झाले. डॉक्टरांनी लिहिलं, 'गोंधळलेले.' ऑपरेशन रद्द. आधी डोक्याचा स्कॅन. पेशंट फार चुळबुळ करतो, म्हणून स्कॅनसाठीही भूल.

सर पांढरेफटक पडले आणि आत कुणी आहे की नाही यावर दुप्पट वेगाने बोलू लागले.

बाहेर निरोप गेला की तुमच्या मिस्टरांची शुद्ध तपासतोय. भिंत धरत बायको आत आली, क्षणभर नवऱ्याचं बोलणं ऐकलं आणि भिंत सोडली.

"यांना काही झालेलं नाही, डॉक्टर. घरात पाल निघाली की हे खुर्चीवर चढून असंच बोलतात." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, आत कुणी आहे की नाही माहीत नाही ना? मग मघापासून एवढं घाबरलंय कोण?"

सर चादरीचा कोपरा पिळत राहिले.

"मी," ते म्हणाले.

सिस्टरने हळूच 'होय'वर खूण केली.

"तू हाक मारलीस," सर बायकोला म्हणाले, "आणि मला ओ देता आली नाही तर?"