हे घर रोटरीचं नाय

बापूभाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी डिझेलच्या पिंपात रुमाल बुडवायचे. पांढरा, इस्त्रीचा रुमाल. तो उन्हात धरायचे, हुंगायचे आणि मगच चपला काढायचे. एकदा मुलगी बघायला गेले होते. आत पोहे होईपर्यंत हे गृहस्थ विहिरीवरच्या इंजिनापाशी. परत आले ते कोपरापर्यंत काळे. मुलीच्या वडिलांनी अदबीनं विचारलं, "मग, कसं काय वाटलं?" भाऊजी म्हणाले, "फिल्टर बदला. आजच." ते स्थळ गेलं. पुढचीही गेली.

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ. अंबडच्या एका कारखान्यात डिझेल इंजिनांचे पंप तपासायच्या खात्यात होते. राहायचे तिथंच जवळ, एका खोलीत, एकटे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आता नातवंडं मला समजूतदार आजी म्हणतात. त्यांनी मला तिशीत बघायला हवं होतं. माहेरची सुईसुद्धा सासरच्या कुऱ्हाडीपेक्षा धारदार, असं माझं ठाम मत होतं. त्याच तोऱ्यात मी मखमलाबादच्या आमच्या मळ्यात अर्धा एकर झेंडू लावला. सासूबाई म्हणाल्या, "टमाटं लाव बाई. नाय इकलं तर खाता तरी येतं. झेंडूची काय भाजी करशील?" मी म्हटलं, "दसऱ्याला बघा."

बोलून बसले. दसऱ्याच्या आदल्या सकाळी झेंडू पंचवटीतल्या फुलबाजारात पोचला तर सोनं, दोन दिवसांनी पोचला तर उकिरडा. आणि आमची पेट्रोलची जीप तर नुसती पीत होती. यजमानांनी तिच्यात जुनं डिझेल इंजिन टाकायचं ठरवलं. इंजिन मिळालं, पण त्याला पंप नव्हता. पंप म्हटल्यावर मला विहिरीवरची मोटार आठवली आणि गाडीला पाणी कशाला लागतं, असं मी विचारलं. चारचौघांत, मोठ्यानं. हा पंप इंजिनाला डिझेल पुरवतो, हे मला नंतर कळलं.

तरी पंप कुठला घ्यायचा यावर मत मात्र माझंच! पिंपळगाव बसवंतच्या माझ्या भावानं, दिनूनं, आपल्या जीपला रोटरी पंप बसवला होता. वाटोळा, हलका, चकचकीत. "ताई, आजकाल हाच चालतो," दिनू म्हणाला. झालं, मला तोच हवा.

भाऊजींना बोलावलं. त्यांनी इंजिनाकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ गोठ्यात, जीपसाठी डिझेल भरून ठेवलेल्या आमच्या पिंपाकडे गेले. झाकण म्हणून फुटकं घमेलं. आत टॉर्च मारला. रुमाल बुडवून बाहेर काढला, तर त्यावर झेंडूची पाकळी, थोडी माती आणि एक मेलेली माशी.

"वहिनी, हे घर रोटरीचं नाय."

मी भडकले. "रोज घर सारवते मी!"

"घर चकाचक हाय. पिंप बघा ना. रोटरीच्या आतल्या सगळ्या भागांना डिझेलचंच वंगण. डिझेल घाण, तर पंपाचा जीव गेला. तुम्हाला इनलाइन पाहिजे. लांबडा, जड, दिसायला रेडा. पण त्याच्या कॅमला, म्हंजी आतल्या फिरत्या दांड्याला, इंजिनाच्या ऑइलचं वंगण. लय सोसतो तो. पंप इंजिन बघून घेत नाय, माणसं बघून घेत्यात."

यजमान हसले. मी दोन दिवस भाऊजींच्या चहात साखर घातली नाही. त्यांना कळलंसुद्धा नाही.

शेवटी इनलाइनच आला. तो बसवताना भाऊजींनी इंजिन हातानं तसूतसू फिरवलं. पंपाच्या नळीतून थेंब पडत होते. ते थांबतील तीच पंप इंजिनाशी जुळल्याची नेमकी खूण. त्या थेंबांकडे ते असे बघत होते की सासूबाई कुजबुजल्या, "पोरीकडं असं बघितलं असतं तर आज दोन लेकरं असती." मग त्यांनी एकाच्या जागी दोन फिल्टर लावले आणि रोज सकाळी त्यातलं पाणी काढायची यजमानांना शपथ घातली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी दिनू जीप घेऊन मदतीला आला. भावाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही आमची रीत. मी त्याची टाकी आमच्या पिंपातून काठोकाठ भरली. अगदी तळातलं, गाळासकट. प्रेमानं.

दुसऱ्या सकाळी दोन्ही गाड्या झेंडूनं लादून निघाल्या. पुढे दिनू, मागे आमचा रेडा, भाऊजी चालवत होते, मी शेजारी. निम्म्या वाटेत दिनूची जीप दोनदा खोकली आणि गप्प झाली. माझा अर्धा झेंडू रस्त्यात! मला रडू फुटलं. दिनू बॉनेट उघडून ओरडला, "ताई, काय पाजलंस गं हिला?"

भाऊजी उतरले. रुमाल बाहेर काढायचीही गरज नव्हती. त्यांनी जाड दोर बांधला, परत चढले आणि म्हणाले, "वहिनी, घट्ट धरा." आमची जीप गुरगुरली आणि काळा धूर सोडत, चढावर माझ्या माहेराला मागे बांधून ओढत निघाली. फुलबाजारात आम्ही शिरलो तेव्हा लोकांनी वाट करून दिली. दुपारपर्यंत एक पाकळी उरली नाही. घरी येऊन मी सासूबाईंसमोर फुगडी घातली. एकटीनंच.

दसऱ्याला सकाळी भाऊजी दारात. नवा शर्ट, हातात नारळ, हळद-कुंकू.

"वहिनी, तुमच्या पंपाची पूजा करू का? आमचं खातं श्रावणात बंद झालं. यंदा पुजायला माझ्याकडं मशीनच नाय."

आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ते रोज डबा घेऊन निघत होते म्हणे.

मी बॉनेट उघडून धरलं. त्यांनी पंपाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि खाली बसून खोबऱ्याचे बारीक बारीक तुकडे करत राहिले.

"भाऊजी, इतके कशाला?"

सुरी थांबली. "सवय. खात्यात अठ्ठावीस जण होतो. रांग लागायची."

आम्ही घरात पाच, दिनू आणि भाऊजी धरून. मी पदर खोचला, पुढे झाले, एक तुकडा घेतला, नमस्कार केला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. माझ्यामागे यजमान आले, मग दिनू, मग काठी टेकत सासूबाई. भाऊजी मान खाली घालून वाटत होते. चौथ्या फेरीला सासूबाई म्हणाल्या, "बापू, जरा मोठा तुकडा दे रे, मी आज पहिल्यांदाच आले."