वाघाच्या डीपीवरून आलेली धमकी

सायबर गुन्हेगारांनी माझ्या वाटेला जाऊ नये! हे मी बोर्डीपासून कोसबाडपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. लोकांच्या घरी फोन नव्हते तेव्हा माझ्या खांद्यावर वायरचं भेंडोळं होतं! शिवाय २०१४ साली डहाणूला सायबर सुरक्षेवर दोन तासांचं व्याख्यान झालं, तिथे मी पहिल्या रांगेत होतो. प्रमाणपत्रसुद्धा मिळालं. ते मी काचेत बसवून बाहेरच्या खोलीत सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावलं. सासऱ्यांना हार आहे, प्रमाणपत्राला नाही, एवढाच फरक.

त्या व्याख्यानातलं एक कलम मला तोंडपाठ. माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम सहासष्ट अ! ऑनलाइन धमकी असो, शिवीगाळ असो, लगेच सहासष्ट अ! वाचनालयाच्या भिंतीवर मी तशी पाटीच रंगवून घेतली होती. कुणी ‘गुड मॉर्निंग’ दिवसातून चारदा पाठवलं तरी त्याला मी ती पाटी दाखवून आणायचो. आमच्या ‘जागरूक ग्रामस्थ’ ग्रुपचा अ‍ॅडमिनही मीच. एकशे ऐंशी सभासद!

“अहो, मोबाइलवर आता मराठी अक्षरं येतात,” असं आमची नूतन म्हणायची.

“काय गरज? इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की झालं! अर्थ कळल्याशी कारण.”

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मला ते विसरायचं आहे.

२०१७ च्या नवरात्रातली गोष्ट. पाचवी माळ. नूतन सकाळीच कापसाची पिशवी घेऊन गावदेवीच्या देवळात गेली होती, मोबाइल नेहमीप्रमाणे फ्रिजवर विसरून. मी झोपाळ्यावर बसून दुसरा चहा घेत होतो. अकराच्या सुमारास फोन किणकिणला. अनोळखी नंबर. डीपीत जबडा उघडलेला वाघ! आणि खाली मेसेज:

Kaka aaj 7 la tumchi vat lavto. Tel anlay. Gharich raha, nyayla yeto.

मी मोठ्याने वाचलं. “काका, आज सातला तुमची वाट लावतो. तेल आणलंय. घरीच राहा, न्यायला येतो!”

झोपाळा थांबला. तेल? म्हणजे जाळणार! आणि न्यायला येतो? असं बोलून एकटा यमच येतो!

अनोळखी नंबरला उलटा फोन करू नये, असं व्याख्यानात बजावून सांगितलं होतं. मी ताबडतोब उलटा फोन केला.

“हां काका!” पलीकडून हसरा आवाज. “मेसेज भेटला ना?”

“भेटला. तू... खरंच करणार आहेस हे?”

“मंग! बोललो तं करनारच. तेल दोन बाटल्या आणलाय. माचीस पन घेतली. तुमी सातला कुठं जाव नका हां. तुमच्यासमोरच लावायची हाय!”

आणि रेंज गेली.

तो आवाज मी ओळखला होता. उमेश! आमच्या रूपीचा मुलगा. रूपी वीस वर्षं आमच्या चिकूच्या वाडीत कामाला आहे. हा पोरगा माझ्या डोळ्यांदेखत चोवीस वर्षांचा झाला. तो मला जाळणार? मग आठवलं. गेल्याच आठवड्यात बेडणी, म्हणजे चिकू उतरवायची जाळीची काठी, झाडाला टेकवून हा फोन बघत बसला होता. मी ओरडलो होतो, “या फोनपायीच तुझं वाटोळं होणार!” तेव्हा तो उलटून बोलला नव्हता, नुसता हसला होता. त्या हसण्याचा अर्थ आत्ता लागला!

मी ग्रुपवर टाकलं. सावधान! आपल्या गावच्या उमेशने मला जाळून मारण्याची धमकी दिली आहे. तेल, माचीस तयार. वेळ संध्याकाळी सात. सोबत त्याचा फोटो जोडला. फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये होताच. तो तिथे कुठून आला हे आठवत बसायला वेळ नव्हता. मग वाडीची नळी ओढून आणली आणि घराचं दार, खिडक्या, झोपाळा, सगळं भिजवून काढलं. वर्तमानपत्रांची रद्दीसुद्धा! आणि ओल्या लेंग्यानिशी स्कूटर काढून पोलीस ठाण्यात हजर.

तिथल्या फौजदार नीलम मॅडम बंदोबस्ताला गेलेल्या. त्या येईपर्यंत बाकावर बसून मी भिंतीवरचं घड्याळ बघत राहिलो. दोन. साडेतीन. पाच. सातला आता दोनच तास! ग्रुपवर मात्र धडाधड उत्तरं येत होती. शेवटचं आमच्या शेजारच्या बाबल्याचं होतं. “काका काळजी नको, आम्ही बघतो.” मला जरा बरं वाटलं. गावात अजून माणुसकी आहे म्हणायची!

सव्वासहाला मॅडम आल्या. मी उठून उभाच राहिलो.

“सहासष्ट अ लावा!”

“ते कलम नाही, काका.”

“नाही म्हणजे? पान फाटलंय का?”

“सुप्रीम कोर्टाने रद्द केलंय. २०१५ ला. दोन वर्षं झाली.”

म्हणजे सासऱ्यांच्या शेजारच्या फ्रेमलाही हार घालायची वेळ केव्हाच येऊन गेली होती आणि मला कुणी कळवलं नव्हतं!

“मग मी काय असाच जळू?”

“असं कसं? भारतीय दंड संहिता आहे की. कलम पाचशे सहा. जिवे मारण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत.” त्यांनी माझ्या मोबाइलवरचा मेसेज वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. “वाट लावतो... तेल आणलंय... हं. हे गंभीर आहे. नाव सांगा.”

“उमेश लहान्या वरठा.”

त्यांचं पेन थांबलं. टेबलावरच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक कागद ओढला. “याचीच चारित्र्य पडताळणी आज सकाळी आलीय. वनरक्षक म्हणून निवड झालीय त्याची. तुमची तक्रार नोंदवली की मला या रकान्यात तसं लिहावं लागेल.”

“मग?”

“मग नोकरी अडकली. सुटेल कधी, देवीलाच ठाऊक. करा या तक्रारीवर सही.”

पडताळणीच्या कागदावर एक फोटो होता. मी ग्रुपवर टाकलेला, तोच! आणि आता मला सगळं आठवलं. उमेशचा ऑनलाइन अर्ज मीच भरला होता. माझ्या कॉम्प्युटरवर, सलग चार संध्याकाळी. साइट सारखी अडकायची. तो शेजारच्या स्टुलावर अंग चोरून बसायचा आणि म्हणायचा, “काका, तुमी नसता तं मना कोन भरून देनार होता?”

पेन माझ्या हातात. एका बाजूला माझा जीव, दुसऱ्या बाजूला त्याचं आख्खं आयुष्य. मोठेपणा सांगत नाही, मी जिवाच्या बाजूला झुकलो. सहीचा ‘का’ लिहिला आणि फोन वाजला.

वाघ!

मॅडमनी खूण केली. मी स्पीकर चालू केला.

“अहो, कुठे आहात तुम्ही?” नूतनचा आवाज!

“नूतन! तू त्याच्या ताब्यात?”

“कुणाच्या?”

“उमेशच्या! घाबरू नकोस, मी पोलीस ठाण्यात आहे! त्याच्या हातात काय आहे?”

“कापूस.”

मी मॅडमच्या कानाशी लागलो. “तोंडात बोळा कोंबायला असणार!”

“काय पुटपुटताय? सकाळपासून वाती वळतोय तो माझ्याबरोबर. नोकरी लागली तर देवीला पाच वाती लावीन बोलला होता ना! पहिली वात तुमची. तुम्ही फॉर्म भरून दिलात म्हणून. मीच म्हटलं, नवीन नंबर घेतलायस तर त्यावरून मेसेज करून ठेव त्यांना.”

मॅडमनी माझा मोबाइल ओढून घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवलं. “व्ही. ए. टी.” मग माझ्याकडे बघितलं. “काका, इथे ‘ट’ कुणी वाचला?”

“तुम्हीपण वाचलात!”

“तुम्ही आधी वाचून दाखवलात म्हणून!”

“अहो, ते राहू द्या,” फोनमधून नूतनचा आवाज आता कापत होता. “इथे बाबल्या वीस-पंचवीस माणसं घेऊन आलाय. काठ्या आहेत हातात! उमेशला बाहेर काढा म्हणतायत. तुमच्या ग्रुपवर कुणीतरी काहीतरी टाकलंय म्हणे. तुम्ही अ‍ॅडमिन ना? बघा ना, कुणी टाकलंय ते!”

मॅडम टोपी उचलून जीपकडे धावल्या, आणि त्यांच्यामागे मी.

जीपमध्ये “जिवंत असू दे, देवी, जिवंत असू दे,” एवढंच मी म्हणत होतो. आणि पहिल्यांदाच, हे मी माझ्याबद्दल म्हणत नव्हतो.

देवळाच्या दारात रूपी दोन्ही हात पसरून उभी होती. मागे उमेश. हातात तेलाची बाटली, बोटांना कापूस चिकटलेला. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं.

“माझ्या पोराला हात लावाल तं आदी मना मारा!” रूपी ओरडत होती.

“आलात काका!” बाबल्याने मला बघून काठी उंचावली. “पकडलाय त्याला! तेल आणि माचीस दोन्ही सापडलं!”

“काठ्या खाली!” मॅडम कडाडल्या. मग माझ्याकडे वळल्या. “बोला.”

“माझं चुकलं,” मी म्हणालो. “वात होती. मी वाट वाचलं.”

कुणालाच काही कळलं नाही. तीन वेळा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि एकेक काठी खाली गेली. रूपी हसली नाही.

“वीस वरसं तुमच्या वाडीत राबतंय मी, काका,” ती म्हणाली. “एकदा मना विचारायचा तं होता.”

मला लाज वाटली. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

“कलम हवं होतं ना तुम्हाला?” मॅडम म्हणाल्या. “बदनामीचं आहे, पाचशे. ते अजून जिवंत आहे. आज या गावात एकच गुन्हा झालाय आणि तो तुमच्या मोबाइलवरून. उमेश, तक्रार द्यायचीय तुला यांच्याविरुद्ध?”

माझ्या डोळ्यांसमोर वाचनालयातली पाटी, आणि तिच्यावर माझं नाव! उमेशने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“सातला पाच मिनटा हायेत, मॅडम,” तो म्हणाला. “आदी वात लावू.”

त्याने माझी वात लावली, माझ्यासमोर, बोलल्याप्रमाणे. मग माचीस माझ्या हातात दिली. “माझी तुमी लावा, काका.” दोन काड्या वाया गेल्या, तिसऱ्या काडीला ती पेटली. रूपीने दिव्याभोवती ओंजळ धरली म्हणून टिकली. मॅडमनी माझा तक्रारअर्ज, त्या अर्ध्या ‘का’सकट, टराटरा फाडला.

“आता ग्रुपवर जाहीर माफी,” त्या म्हणाल्या. “आत्ता. इथेच.”

मी देवळाच्या पायरीवर बसलो. चांगला लांबलचक माफीनामा मनात जुळवला. वातीपासूनच सुरुवात करावी, म्हणजे लोकांना कळेल. पहिलं वाक्य झालं आणि बोट नेमकं हिरव्या बाणावर पडलं.

Aaj Umeshchi vat mi lavli.

एकशे ऐंशी जणांना गेलं. पाच पावलांवर उभ्या असलेल्या बाबल्याचा फोन वाजला. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि तिथूनच उत्तर टाकलं.

“ते आम्ही दुपारीच वाचलं, काका.”