समान विलंबाचे परिपत्रक

प्रयोगशाळेतील ज्येष्ठ अभियंत्यांनी सहा महिने खपून सूक्ष्मलहरींचा एक फिल्टर तयार केला. वीतभर लांबीची पितळी पेटी, वर ओळीने नऊ स्क्रू. आठ जुळले होते. नववा पेटी संदेशवहनाच्या मनोऱ्यावर चढल्यावरच जुळवायचा होता, आणि तो आपल्या हातून जुळावा एवढीच त्यांची इच्छा होती. निवृत्तीला तीस दिवस उरले होते. मनोऱ्यावर चढण्याच्या परवान्याचा अर्ज तेवढा द्यायचा राहिला होता.

घात केला तो प्रात्यक्षिकाने. संचालकांनी पेटीचे वैशिष्ट्य विचारले. अभियंत्यांनी समजावून सांगितले, की फिल्टरमधून जाताना प्रत्येक लहरीला उशीर हा होतोच. साध्या फिल्टरमध्ये तो कुणाला कमी, कुणाला जास्त, म्हणून संदेशाचा चेहरामोहरा बिघडतो. ह्या पेटीत सगळ्यांना सारखाच होतो.

"म्हणजे उशीर हा दोष नाही?" संचालकांनी विचारले.

"सारखा असला तर नाही, साहेब."

"आणि ठरलेल्या पट्ट्याबाहेरच्या लहरी?"

"त्यांना आत घेतच नाही."

"ते आपल्याकडे आधीपासून आहे," संचालक समाधानाने म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघाले. यापुढे प्रत्येक अर्ज बरोबर चाळिसाव्या दिवशी निकालात निघेल. दोन दिवसांत होण्याजोगी कामे उरलेले अडतीस दिवस लोखंडी कपाटात विश्रांती घेतील. आग विझवण्याचे नळकांडे भरून घेण्याचा अर्ज कपाटात गेला. सुताराची लग्नाची रजा लग्नानंतर बाराव्या दिवशी मंजूर होणार, असे त्याला लेखी कळवण्यात आले. नवल म्हणजे, तक्रारपेटी रिकामी राहू लागली.

अभियंत्यांचा अर्जही कपाटात गेला. पत्नी म्हणाली, "जन्मभर लहरींना वाट काढून दिलीत, आणि शेवटी स्वतःच्याच पेटीत अडकलात."

बोलणे वर्मी लागले. फिल्टरमधला उशीर सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा असतो, चाळीस दिवसांचा नव्हे, असा सडेतोड आक्षेप आकृतीसह लिहून ते अर्जांच्या खिडकीशी गेले. पलीकडच्या कारकूनबाईंनी नोंदवही पाहिली.

"काका, तुमचा चाळिसाव्या दिवशी."

"अहो, मी तिसाव्या दिवशी घरी जाणार."

"अर्ज नियमात बसतो, काका. तुम्ही बसत नाही, त्याला मी काय करू?"

अभियंत्यांनी खिशातून आक्षेप काढला. तेवढ्यात त्यांना शेजारच्या खोलीतले अँटेनावाले आठवले. वीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. त्यांनाही मनोऱ्यावर जायचे होते, आणि संचालकांच्या चहाला ते रोज हजर असत.

"त्यांचं झालं असेल ना?" त्यांनी आवाज खाली आणून विचारले.

"छे! त्यांचाही चाळिसाव्याच दिवशी."

अभियंत्यांच्या कपाळावरची आठी उलगडली. आक्षेपाची घडी पुन्हा खिशात गेली, आणि परिपत्रक निघाल्यापासून प्रथमच ते जिना शीळ घालत उतरले.

परवाना त्यांच्या घरी वेळेवर, म्हणजे निवृत्तीनंतर दहाव्या दिवशी पोहोचला. पेटी मनोऱ्यावर चढली, पण नववा स्क्रू अजून सैल आहे. मनोऱ्यावरून घरोघरच्या फोनवर खरखर तेवढी येते, पण ती सगळ्यांनाच सारखी येत असल्याने तक्रार कुणाची नाही. तुमचीही आलेली नाही. शेजाऱ्याकडे खरखर आहे ना, एवढी खात्री मात्र तुम्ही करून घेतलीत, अशी नोंद आहे.