हंस भाजून होईपर्यंत

"हे सूप आहे?" वाल्बुर्गाने विचारलं.

"हो, बाईसाहेब," प्रोकोप म्हणाला.

"आणि काल दिलं होतंस ते?"

"काल सॉस होता."

वाल्बुर्गाने चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. काएतान रीडलर खिडकीबाहेर बघत होता. बाहेर व्हिएन्नाच्या त्या उपनगरातली एक भिंत होती आणि तो ती फार मन लावून बघत होता.

"अहो, तुम्ही ह्याला ठेवलंत तेव्हा विचारलं होतंत का, स्वयंपाक येतो का म्हणून?"

काएतानने विचारलं नव्हतं. स्वयंपाकाच्या जागेसाठी चार बाया येऊन गेल्या होत्या. एकीने सफरचंदाच्या पोळीबद्दल सांगितलं, एकीने तर वासराच्या कलेजीबद्दल इतकं सुंदर सांगितलं की दुसऱ्या कुणाचेही डोळे भरून आले असते. मग बोहेमियाहून आलेला प्रोकोप आत शिरला. त्याने काखेतली पेटी कोपऱ्यात ठेवली. पेटी व्हायोलाची होती, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठ्या, जाड आवाजाच्या वाद्याची. मुलाखत तिथेच संपली.

यात आपलं काही चुकलं असं काएतानला खरंच वाटत नव्हतं. दिवंगत काउंटसाहेबांच्या वाड्यात सगळी माणसं अशीच ठेवली जात. बूट पुसणारा बासून वाजवायचा. काएतान स्वतः साहेबांना कपडे चढवायचा आणि संध्याकाळी पहिलं व्हायोलिन धरायचा. केसांचे टोप करणारा इग्नाझ दुसरं व्हायोलिन धरायचा, शिकारखान्यातला ओडिलो चेलो आणि तळघरातली दारू सांभाळणारा फ्लोरिआन व्हायोला. दाढी करताना वस्तरा थांबवून साहेब विचारत, "काएतान, काल तो संथ भाग जरा घाईत नाही का झाला?" आणि अर्ध्या दाढीवर दोघांची चर्चा चालायची. पुढे साहेब गेले. चिरंजीवांना घोड्यांचा नाद होता, आणि घोडे काही वाजवत नाहीत. वाद्यवृंद मोडला. उरले हे चौघं. दर गुरुवारी काएतानच्या दिवाणखान्यात जमायचे. मागच्या हिवाळ्यात फ्लोरिआनही गेला, आणि चौकडीतून व्हायोला काढली की मागे काय उरतं ते या तिघांनी काही गुरुवार ऐकून पाहिलं. मग नुसतेच पत्ते खेळले.

"आज सेंट मार्टिनचा सण आहे, घरोघरी हंस भाजायचा," वाल्बुर्गा म्हणाली. "घरमालक श्टाउडरसाहेब जेवायला यायचेत. हंस नीट भाजला गेला तर ठीक. नाही तर उद्या सकाळी हा आणि ह्याची पेटी, दोघंही बोहेमियाला."

"वाल्बुर्गा, अगं, पण गुरुवार…"

"मी गुरुवारबद्दल बोलत नाहीये. मी हंसाबद्दल बोलतेय."

पण चौकडीतल्या चौघांच्या दृष्टीने ती एकच गोष्ट होती.

*

हंस भट्टीत दुपारीच जायला हवा होता. तो संध्याकाळी गेला. कारण साधं होतं. तो गुरुवार होता. इग्नाझ आणि ओडिलो तालमीला लवकर आले आणि म्हणाले, संथ भाग एकदा बघून घेऊ. एकदा बघितल्यावर त्यातली एक जागा दुसऱ्यांदा बघणं भाग होतं. प्रोकोपने ती अशी काही वाजवली की ओडिलोने, ज्याला अर्धंच ऐकू येतं, तिसऱ्यांदा मागितली. हंस स्वयंपाकघराच्या टेबलावर पाय वर करून पडला होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

दारावर टकटक झाली तेव्हा भट्टी नुकती तापत होती.

"श्टाउडरसाहेब आले," इग्नाझ खिडकीतून म्हणाला. "वेळेच्या आधी. भुकेलेला माणूस लांबूनही ओळखू येतो."

"प्रोकोप, अजून किती वेळ लागेल रे?"

"मालक, सगळ्या पुनरावृत्त्या घेतल्या तरी…"

काएतानने त्याच्याकडे पाहिलं. इग्नाझने काएतानकडे पाहिलं. कागदावर जिथे दोन टिंबं असतात तिथून मागे जाऊन तो तुकडा पुन्हा वाजवायचा, असा संगीतातला नियम आहे. वाजवणारे घाईत असले की ती टिंबं न दिसल्यासारखी करतात.

"आज सगळी टिंबं पाळायची," काएतान म्हणाला.

"काय म्हणाला?" ओडिलोने विचारलं.

"टिंबं," इग्नाझ त्याच्या कानात म्हणाला.

"टिंबं तर मी नेहमीच पाळतो. तुम्हीच पळता."

*

पहिला भाग सुरू झाला. चौघांनी मिळून तीन ठणठणीत सूर दिले, मग काएतानचं व्हायोलिन एकटंच पुढे निघालं आणि बाकीचे घरच्यासारखे मागून चालत आले. मेणबत्त्यांचे कारखानदार श्टाउडरसाहेब रुंद खुर्चीत बसले होते. त्यांनी हात पोटावर बांधले. शेजारच्या स्टुलावर वाल्बुर्गा हसून बसली. स्वयंपाकघरातून काहीच वास आला नाही.

पुन्हा.

पहिला भाग सुरू झाला. चौघांनी मिळून तीन ठणठणीत सूर दिले, मग काएतानचं व्हायोलिन एकटंच पुढे निघालं आणि बाकीचे घरच्यासारखे मागून चालत आले. श्टाउडरसाहेबांनी पोटावरचे हात सोडले. वाल्बुर्गा हसून बसली. स्वयंपाकघरातून अजूनही काहीच वास आला नाही.

पुढचा अर्धा तुकडा झाला. तोही पुन्हा झाला. मग काएतानने, कागदावर तसलं काही नसताना, मान हलवली आणि गाडी परत पहिल्या पानावर आणली.

पहिला भाग सुरू झाला. चौघांनी मिळून तीन सूर दिले. काएतानचं व्हायोलिन निघालं. बाकीचे निघाले. श्टाउडरसाहेबांचं पोट गुरगुरलं, नेमकं सुरात. वाल्बुर्गाचं हसू चेहऱ्यावर राहिलं होतं, पण ती स्वतः तिथून उठून गेल्यासारखी दिसत होती.

"हे आपण मघाशी ऐकलं ना?" श्टाउडरसाहेबांनी हळूच विचारलं.

"त्यात फरक असतो, साहेब," वाल्बुर्गा म्हणाली. हे वाक्य तिने वाड्यातली चादरी-टेबलक्लॉथं सांभाळत असताना कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं.

संथ भाग झाला. मग नाचाच्या चालीचा तिसरा भाग आला. त्याच्या मधल्या तुकड्यात व्हायोलाला काम नसतं. प्रोकोप गज हातात घेऊन पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेला, हंसावर पळीने चरबी सोडली, परत आला. मधला तुकडा पुन्हा घेतला. प्रोकोप पुन्हा गेला, पुन्हा आला. आता वास येऊ लागला होता आणि काएतानच्या कपाळावरचा घाम ओसरला होता.

तिसऱ्या खेपेला प्रोकोप परतला आणि त्याने गज तारेवर ठेवला. आवाज आला नाही.

त्याने गज वरून खाली नेला, खालून वर नेला. हात चालत होता, व्हायोला मुकी होती. गजाच्या केसांना हंसाची चरबी लागली होती.

इग्नाझने वाजवता वाजवताच वाकून पाहिलं. आयुष्यभर त्याने केसांची चरबी काढण्याचंच काम केलं होतं. "चल आत. पीठ लागेल," तो पुटपुटला, आणि त्याला घेऊन गेला.

आता दिवाणखान्यात पहिलं व्हायोलिन आणि चेलो उरले. काएतानने मधल्या तुकड्यासाठी मान हलवली. ओडिलोला मान दिसली, पण तिचा अर्थ त्याने आपल्या सोयीने घेतला आणि थेट शेवटच्या भागाला हात घातला. शेवटचा भाग फार जलद असतो. काएतान मागून धावत सुटला. पान उलटताना त्याने मान वर केली तेव्हा समोरची रुंद खुर्ची रिकामी होती.

वाल्बुर्गा स्टुलावरून उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा पाहून काएतान थांबला. ओडिलो एकटाच शेवटपर्यंत गेला, दोन जोरकस सूर देऊन थांबला आणि म्हणाला, "आज तुम्ही सगळे फार हळू वाजवलंत."

"गेले," वाल्बुर्गा म्हणाली. "घरमालक उपाशी उठून गेले. आता काय राहिलं?"

"टोपी इथेच आहे त्यांची," काएतान म्हणाला. पण त्या टोपीनेही त्याला धीर आला नाही. उद्या सकाळी पेटी उचलून चाललेला प्रोकोप त्याला दिसू लागला. त्यानंतरचे गुरुवार दिसू लागले. पत्ते दिसू लागले.

*

स्वयंपाकघरात श्टाउडरसाहेब कोट काढून, बाह्या वर करून भट्टीपुढे वाकले होते. त्यांच्या पोटावर वाल्बुर्गाचा एप्रन होता, हातात पळी. पलीकडे इग्नाझ पिठाने गज चोळत होता आणि प्रोकोप भिंतीला टेकून उभा होता.

"थांबलात का?" श्टाउडरसाहेब मागे न वळता म्हणाले. "दार उघडं ठेवलंय मी. ऐकू येत होतं."

"साहेब, तुम्ही हे… तुम्ही पाहुणे आहात," वाल्बुर्गा म्हणाली.

"बाई, मेणबत्त्यांसाठी मी जन्मभर चरबी वितळवलीय. ती करपायच्या आधी कसा वास येतो, तो मला झोपेतही कळतो. या माणसाने खाली जाळ केवढा केलाय बघा." त्यांनी एक लाकूड ओढून बाहेर काढलं. "काउंटसाहेबांच्या वाड्यावर मेणबत्त्या मीच पोचवायचो. घोडे ताटकळत असायचे, मी मागच्या दारात उभा. दोन भाग ऐकायचो आणि निघायचो. तुमचा शेवटचा भाग आज पहिल्यांदा ऐकला."

"तो ओडिलोने एकट्याने वाजवला," काएतान म्हणाला.

"असं? मला बरा वाटला." साहेबांनी पळी प्रोकोपकडे रोखली. "याला हंसाजवळ पुन्हा येऊ देऊ नका. अजून अर्धा तास आहे. तो संथ भाग घ्या. मी आहे इथे."

श्टाउडरसाहेबांनी कुरकुरीत कातडीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चौघं भुकेले वादक दिवाणखान्यात गेले. दुपारपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं.

रुंद खुर्ची रिकामी होती. वाल्बुर्गा तिच्यात बसली, पाय दुखत होते म्हणून. संथ भाग सुरू झाला. वर व्हायोलिन काहीतरी सांगत होतं, खाली चेलो हुंकार देत होता, आणि मधोमध, पीठ लागलेल्या गजाने, प्रोकोप एक साधी ओळ वाजवत होता. ती ओळ कुणाच्या पुढे येत नव्हती. कुणाला पडूही देत नव्हती.

संपल्यावर वाल्बुर्गाने प्रोकोपकडे पाहिलं.

"हे असं असतं होय," ती म्हणाली. "हा आल्यापासून गुरुवारी मी आत याचं निस्तरत असते. ऐकायला कधी बसले? फ्लोरिआन भावजी गेल्यापासून मला वाटायचं, घराचा एक वासा कुणीतरी काढून नेलाय. कुठला, ते कळत नव्हतं."

इग्नाझने नाक पुसलं, आणि नाकाला पीठ लागलं.

"स्वयंपाकाला मी उद्या बाई बघते," वाल्बुर्गा उठत म्हणाली. "आणि याला लाकडं फोडायला ठेवू. तेवढं तर जमेल." ती ताटं मांडायला आत गेली.

प्रोकोप काएतानच्या कानाशी वाकला. "मालक, कुऱ्हाडीने माझी बोटं आखडतात. लाकडं काही मी…"

"ठाऊक आहे," काएतान म्हणाला. "हे तिला इतक्यात सांगू नकोस."