किन्हाळटोल्याची न हरवलेली क्लिप

किन्हाळटोला गावाजवळच्या रुळावरची हरवलेली क्लिप अखेर जागेवर बसवण्यात आली, हे कळवण्यास आनंद होतो. मात्र क्लिप मुळात कधी हरवलीच नव्हती, असं संबंधित कार्यालयाचं लेखी म्हणणं असल्यामुळे ती बसवण्यात आली असंही म्हणता येत नाही, आणि आनंद झाला असंही म्हणता येत नाही. तेव्हा जे घडलं नाही, ते न घडल्याच्या क्रमाने सांगतो.

आमचं गाव नागभीडच्या अलीकडे, एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला जंगल. पूर्वी इथे पॅसेंजर थांबायची. मग तिकिटं विकली जात नाहीत या कारणावरून थांबा बंद झाला. तिकिटं विकली जात नव्हती, कारण विकायला माणूस नव्हता. माणूस नव्हता, कारण तिकिटं विकली जात नव्हती. या कारणांत कुठेही फट नसल्यामुळे गावाने ती मान्य केली. रुखमाबाईने केली नाहीत. रुखमाबाई पावसाळ्यात जंगलातून सात्या वेचून नागभीडच्या बाजारात विकते. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी अळंबी. सकाळी पांढरीशुभ्र, दुपारी पिवळी, संध्याकाळी उकिरड्यावर. एसटी दुपारी येते. म्हणजे आली तर दुपारी येते. गाडी बंद झाल्यापासून रुखमाबाईच्या घरी रोज सात्यांचीच भाजी होत असे आणि घरातली माणसं ती भाजी बघून शेजारी जेवायला जात.

आता क्लिप. रूळ सिमेंटच्या स्लीपरवर नुसता ठेवलेला नसतो. त्याला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगच्या लोखंडाची एकेक क्लिप घट्ट दाबून धरते. जिलबी करायला बसलेल्या माणसाला मधेच कोणी हाक मारली तर कढईत जो आकार राहील, तो क्लिपचा आकार. दरवर्षी या क्लिपा काढून, पुसून, ग्रीस लावून परत ठोकतात. यंदा ते काम चालू असताना रेल्वेच्या गँगच्या माणसांनी काढलेल्या क्लिपा खडीवर वाळत घातल्यासारख्या मांडल्या आणि ते डबे उघडून पळसाखाली बसले. तेवढ्यात रुखमाबाई टोपली घेऊन तिथून गेली. तिच्या तराजूचं किलोचं वजन विहिरीत पडलं होतं. खडीवर तिला नेमकं हाताला बसणारं, किलोच्या जवळपासचं लोखंड दिसलं. जवळपास हे माप आमच्या बाजारात प्रमाण मानलं जातं. रेल्वेवाले जुनं सामान असंच टाकून जातात, हाही गावाचा जुना अनुभव. तिने एक उचललं, पदराने पुसलं आणि टोपलीत ठेवलं.

संध्याकाळी सगळ्या क्लिपा ठोकून झाल्या आणि एक जागा उरली.

ही जागा वारलूच्या हद्दीत होती. वारलू चावीवाला. खांद्यावर हातोडा टाकून तो रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासतो आणि सैल झालेली क्लिप ठोकून बसवतो. नवी क्लिप आणायला तो भांडारात गेला.

"क्लिप पाहिजे होती जी."

"जुनी जमा करा, नवी घेऊन जा," भांडारातले बाबू म्हणाले.

"जुनी हरवली."

"मग हरवलेली जमा करा."

"हरवलेली माझ्यापाशी असती, तं मी नवी काऊन मागतली असती?"

बाबूंनी चष्मा काढला. "म्हणजे तुमची मागणी क्लिपची नाही. हरवण्याची आहे. ते खातं वेगळं. आणि त्या खात्याचे बाबू रजेवर आहेत."

वारलूने सेक्शन इंजिनियर रंजीता मॅडमना सांगितलं. मॅडम नव्या होत्या आणि नियम वाचलेल्या होत्या. क्लिप मिळेपर्यंत त्या जागी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने न्यावी, असा त्यांनी आदेश काढला आणि रुळाशेजारी पिवळी पाटी लागली. यात चूक काहीच नव्हती. पण एका ड्रायव्हरने वरच्या कार्यालयाला विचारलं की चालता माणूस म्हणजे कोणता माणूस. तरुण की म्हातारा, रिकामा की ओझं घेतलेला. वरच्या कार्यालयात यावर बैठक झाली. सुरक्षिततेचा प्रश्न असल्याने अंदाजावर सोडू नये, प्रत्यक्ष माणूसच नेमावा, असं ठरलं. अशा प्रकारे आमच्या गावचा देवाजी रेल्वेच्या सेवेत 'प्रमाण पादचारी' म्हणून रुजू झाला.

देवाजीची निवड होण्याचं कारण असं की मुलाखतीच्या दिवशी तो एकटाच घरी होता. त्याचे गुडघे गेले आहेत, म्हणून तो कुठे जात नाही. आता रोज सकाळी तो हिरवी झेंडी घेऊन इंजिनापुढे चालू लागला आणि मागून, आपल्या लांबलचक डब्यांसह, पॅसेंजर येऊ लागली. मालगाडीही येऊ लागली. एक्स्प्रेसही येऊ लागली. देवाजीला मधेच प्लास्टिकमध्ये तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायची सवय. तो थांबला की गाडी थांबायची. खर्रा घोटून झाला, तोंडात गेला, प्लास्टिक खिशात गेलं, की गाडी निघायची.

"मागचा ड्रायव्हर हारन देऊन राह्यला ना भाऊ," वारलू त्याला एकदा म्हणाला.

"देऊ दे. मी प्रमाण आहो. त्यानं माह्या हिशोबानं चालाचं, मी त्याच्या नाई."

पहिल्या दिवशी रुखमाबाई पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने टोपली डोक्यावर घेतली आणि देवाजी खर्रा घोटत असताना पॅसेंजरमध्ये चढली. चालत्या गाडीत चढणं गुन्हा आहे, पण ही गाडी चालत नव्हती. आणि न थांबणाऱ्या गाडीत चढणं हा गुन्हा नाही, कारण ते शक्यच नाही. सात्या पांढऱ्याशुभ्र असतानाच नागभीडला पोचल्या. रुखमाबाई रुळावरूनच उचललेल्या वजनाने त्या तोलून दुपारी परत आली. त्या दिवशी तिच्या घरी वांग्याची भाजी झाली आणि सगळे घरीच जेवले.

आठवड्याभरात कय्यूमभाईने पिवळ्या पाटीशेजारी चहाची टपरी टाकली. खर्ऱ्यासोबत देवाजीला चहाची सवय लावण्याचं कामही त्यानेच केलं, आणि पहिला महिना फुकट पाजून केलं. देवाजी चहा बशीत ओतून फुंकून पितो. तेवढ्यात आमच्या गावची माणसं चढायची, उतरायची, दवाखान्यात जाऊन यायची, चुकीच्या डब्यात चढली तर उतरून बरोबर डब्यात चढायची. एक्स्प्रेसच्या एसी डब्यातली माणसं दारात येऊन सात्या घ्यायची, भाव पाडून घ्यायची आणि विचारायची की हे कोणतं स्टेशन.

"ये स्टेशन नहीं है साहब," कय्यूमभाई पैसे घेताना सांगायचा. "यहाँ गाडी रुकती नहीं."

सगळं सुरळीत चाललं असताना वारलू एकदा रुखमाबाईकडे सात्या घ्यायला गेला आणि तराजूकडे बघून त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बाई, हे काय होय?"

"किलो."

"हे किलो नाई, हे माही क्लिप होय. याच्यापायी गाडी हळू चालून राह्यली."

रुखमाबाईने क्लिप पारड्यातून काढली. तिने आयुष्यात कोणाची काडीही घेतली नव्हती. "मंग घेऊन जा बापा. मले वाटलं टाकलेली आहे. मले चोरीचं वजन नाई पाहिजे."

वारलूने हात पुढे केला. मग त्याला आठवलं की त्याची आई कालच याच गाडीने नागभीडला डोळे दाखवायला गेली होती. त्याने हात मागे घेतला.

"तुमी मले हे दाखवलीच काऊन, बाई? मी आता आंधळा कसा होऊ?"

प्रकरण सरपंच गुणवंतरावांकडे गेलं आणि तिथून ग्रामसभेत. क्लिप मधोमध पाटावर ठेवली होती. कोणीतरी सवयीने तिला हळदकुंकू वाहिलं.

"गावाची इज्जत आहे," गुणवंतराव म्हणाले. "सरकारी वस्तू परत करणं आपलं कर्तव्य आहे. कधी करायची, ते शासनानं सांगितलेलं नाई."

"पन थे माह्या घरी राह्यली तं मले झोप येत नाई ना भाऊ," रुखमाबाई म्हणाली.

"ज्या दिवशी गाडी कायदेशीर थांबन, त्या दिवशी तू तुह्या हातानं परत कर. तोवर तोल."

ठराव एकमताने पास झाला. वारलूने मत दिलं नाही. तो डोळे मिटून बसला होता, आणि मिटलेल्या डोळ्यांनी त्याला क्लिप दिसली नसल्याचं सभेने नोंदवून घेतलं.

इकडे वरच्या कार्यालयात दोन प्रकारचे कागद पोचत होते. एक, गाड्या उशिरा धावत असल्याच्या तक्रारी. दोन, किन्हाळटोल्याला भरपूर माणसं चढतात-उतरतात, असा रंजीता मॅडमचा अहवाल. पहिल्यावर काही करायचं तर क्लिप द्यावी लागली असती आणि त्यासाठी जुनी जमा व्हायला हवी होती. दुसऱ्यावर काही करायला तशी अडचण नव्हती. तेव्हा एका क्लिपऐवजी गावाला एक स्टेशन मंजूर झालं.

स्टेशन फार झकास झालं. लांब फलाट, निळं छप्पर, तिकीट खिडकी आणि प्रवाशांनी फोटो काढावा म्हणून भिंतीवर रंगवलेला वाघ. रुखमाबाई रोज बघायला जायची. एकदा तिने रंजीता मॅडमना गाठलं.

"मॅडम, टेसन झालं का गाडी थांबन ना?"

"बाई, स्टेशन गाडी थांबण्यासाठीच असतं," मॅडम म्हणाल्या. हे त्यांनी मनापासून सांगितलं. पुस्तकातही तसंच आहे.

रुखमाबाई घरी गेली आणि पारड्यातली क्लिप घेऊन आली. पदराने पुसून तिने ती मॅडमच्या नव्हे, वारलूच्या हातात दिली. "घे रे बाप्पा. आता माहं काम झालं."

उद्घाटनाला मोठे साहेब खास गाडीने येणार होते आणि त्यांच्या गाडीला देवाजीच्या मागे चालणं शोभलं नसतं. वारलूने क्लिप रिकाम्या जागी धरली आणि हातोड्याचा घाव घातला. क्लिप आपल्या जुन्या जागी अशी बसली, की जणू कधी गेलीच नव्हती. पिवळी पाटी निघाली. देवाजी हारतुरे घेऊन सेवानिवृत्त झाला. साहेबांनी फीत कापली, वाघाजवळ फोटो काढला, सात्यांची भाजी खाल्ली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव फलाटावर उभं होतं. रुखमाबाई सगळ्यात पुढे, टोपली भरलेली. पॅसेंजर आली. देवाजी सवयीने झेंडी घेऊन निघाला होता. कय्यूमभाईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. गाडी पूर्ण वेगाने गेली. तिच्या वाऱ्याने उद्घाटनाचा बॅनर उडाला आणि वरच्या दोन सात्या टोपलीतून निघून नागभीडच्या दिशेने गेल्या. बाजारात पोचलेला गावचा तो शेवटचा माल.

वरच्या कार्यालयात जाऊन चौकशी केली तेव्हा असं समजलं. स्टेशन बांधण्याचं खातं वेगळं आणि थांबा देण्याचं खातं वेगळं. थांबा मिळण्यासाठी तिकीट विक्री दाखवावी लागते. खिडकीत आता माणूस आहे, पण गाडी थांबत नसलेल्या स्टेशनचं तिकीट तो देऊ शकत नाही, फलाटाचं देतो. ते काढून आम्ही गाडी बघतो.

"पण मॅडमच्या अहवालात इतकी माणसं चढत होती," गुणवंतरावांनी विचारलं.

"कधी?"

"गाडी हळू होती तवा."

"गाडी हळू का असेल?"

"क्लिप नव्हती जी."

तिथल्या साहेबांनी कागद चाळले. "भांडारातून नवी क्लिप गेलेली नाही. जागेवर क्लिप आहे. म्हणजे ती कधी हरवली नव्हती. म्हणजे गाडी कधी हळू झाली नव्हती. म्हणजे तिथे कोणी चढलं नव्हतं. सरपंचसाहेब, खोट्या आकड्यांवर तुम्हाला स्टेशन मिळालंय, हे आम्ही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका."

रुखमाबाईच्या घरी पुन्हा सात्यांची भाजी सुरू आहे. तराजूवर किलोच्या जागी तिने एक दगड घेतला आहे, तो मात्र रुळावरचा नाही. क्लिपकडे ती जाता-येता बघत नाही. वारलू बघतो, कारण ते त्याचं कामच आहे. पण त्या जागी हातोडा मारताना तो जरा हलका मारतो, असं माझं निरीक्षण आहे आणि ते मी कुठे सांगणार नाही.

आपल्यालाही हे सगळं आठवत असेल. एक्स्प्रेसच्या दारात उभे राहून आपण आमच्या सात्या अर्ध्या भावात घेतल्या होत्या. घरी जाऊन त्यांची भाजी छान झाली, आणि मग फोनवरून आपण तक्रार केली की जंगलात गाडी उगाच रखडते. कार्यालयाने आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढली आहे. शेवटी पाच चांदण्या दिल्याबद्दल आभार. आता आपली गाडी वेळेवर पोचते. गाडी थांबावी म्हणून गावाने एक समिती नेमली आहे, तिचा अर्ज खाली दिला आहे. आपण सही कराल अशी अपेक्षा नाही, पण नियमाप्रमाणे प्रत पाठवावी लागते.

प्रति, मेहेरबान साहेब. विषय: क्लिप गहाळ करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, किन्हाळटोला स्टेशनसमोरील एक क्लिप, कार्यालयाच्या सोयीने, निदान सात्यांच्या हंगामापुरती गहाळ करण्यात यावी. नवीन रिकामी जागा देण्यापूर्वी जुनी जमा करण्याची अट असल्यास, आमची जुनी रिकामी जागा आपल्याच क्लिपने व्यापलेली आहे, याची कृपया नोंद घ्यावी व प्रथम ती आम्हांस परत करावी, जेणेकरून ती आपल्याकडे जमा करता येईल. प्रमाण पादचारी देवाजी तयार आहेत. चहा गरम आहे. कळावे.