बनसोडेकाकांच्या गाडीचा हिसका

आमच्या बिल्डिंगमधले बनसोडेकाका कुणाकडे दुःखद प्रसंगी भेटायला गेले तरी सोबत एक प्रश्न घेऊन जातात. तळमजल्यावरचे देशमुख वारले तेव्हाची गोष्ट. सगळे माना खाली घालून बसलेले. काका देशमुखांच्या मेव्हण्याशेजारी टेकले, त्यांचा हात हातात घेतला, मोठा सुस्कारा सोडला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तुमचं नाशिकला गॅरेज आहे म्हणे. माझी ऑटोमॅटिक गाडी आहे. गिअरबॉक्सचं ऑइल घेतल्यापासून बदललेलं नाही. आता छेडावं की सोडावं?"

मेव्हण्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "किती चाललीय?" झालं. त्यानंतर बराच वेळ त्या घरात देशमुखांचा विषय निघालाच नाही.

"छेडावं की सोडावं" हे काकांना कल्याणच्या एका मेकॅनिककडून मिळालं. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना गाडी हिसका द्यायला लागली म्हणून ते त्याच्याकडे गेले होते. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "काका, छेडो मत. चल रही है ना? चलने दो." तेव्हापासून काकांनी जगातल्या सगळ्या गोष्टी दोन खात्यांत टाकल्या. दुखरी दाढ सोडली. गच्चीवरची गळकी टाकी छेडली, आणि आख्ख्या ठाकुर्लीत फक्त आमच्या बिल्डिंगला टँकर मागवावा लागला. गाडीचं ऑइल मात्र कुठल्याच खात्यात जाईना.

हा प्रश्न माझ्या वाट्याला यायचं काही कारण नव्हतं. माझ्याकडे स्कूटर आहे आणि तीसुद्धा बायको चालवते. पण मी ठाण्याला खाद्यतेलाच्या एका कंपनीत हिशेब बघतो, हे काकांना कुठून तरी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. "जयभीम सावंत. तुम्ही तेलातली माणसं. तुमच्यापासून काय लपवायचं?" मी त्यांना परोपरीने सांगितलं की माझा संबंध शेंगदाणा आणि सूर्यफुलाशी, तोही कागदावर. काका म्हणाले, "तेल ते तेल. चिकटपणा तर सारखाच ना?" मी चहा टाकायला सांगितला आणि तिथेच माझा घात झाला.

त्या चहात मला सगळं शास्त्र कळलं. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये चकत्या असतात. त्या वर्षानुवर्षं झिजतात आणि त्यांचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर प्रश्न नाही. पण गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेली आणि ऑइल तेच असेल, तर त्या गुळगुळीत झालेल्या चकत्या त्या चुऱ्याच्याच आधाराने एकमेकींना धरून असतात. नवीन, स्वच्छ ऑइल घातलं की चुरा जातो, चकत्या घसरतात आणि गाडी जागेवर बसते. नाही बदललं, तर जुनं ऑइल चकत्या जाळत राहतं आणि गाडी आज ना उद्या बसतेच.

"म्हणजे बघा सावंत," काका बशीतला चहा ओढत म्हणाले, "गाडी घाणीवर चाललीय. घाण काढली तर मरणार. ठेवली तरी मरणार." आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही हे सगळं मीच करून ठेवलंय.

काकांचे रुमाल हे आणखी एक प्रकरण. दर रविवारी ते खाली जाऊन गिअरबॉक्समधली ऑइल मोजायची दांडी बाहेर काढतात, पांढऱ्या रुमालाला पुसतात आणि रुमाल उजेडात धरतात. नवीन ऑइल कोकमाच्या सारासारखं लालचुटुक असतं म्हणे. काकांचं करपलेल्या गुळासारखं. मग तो रुमाल घेऊन ते दारोदार. "वास घ्या. जळका येतोय का?" बायका दार लावून घेतात. धुतलेले रुमाल गॅलरीत वाळत पडले की त्यांवरचे तांबूस डाग रस्त्यावरून दिसतात. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी तर माझ्या बायकोला थांबवून विचारलं, "तुमच्या त्या काकांना खोकल्यातून रक्त पडतं का हो?"

मोहने गावातल्या कारखान्यात काका बॉयलरवर सुपरवायझर होते. तिथले जुने लोक भेटले की सांगतात, बनसोडे म्हणजे झटपट काम. वाफेचा आवाज बदलला की हा माणूस विचारात वेळ घालवायचा नाही, सरळ व्हॉल्व फिरवायचा. तोच माणूस आता आंबिवलीच्या मेकॅनिकने "अर्धं ऑइल बदलून बघू" असं सुचवल्यावर महिनाभर झोपला नाही. "अर्धं म्हणजे काय, सावंत? अर्धी अंघोळ असते का?"

मला खरं सांगायचं तर या माणसाचा वीट आला होता. लिफ्टमध्ये ऑइल, जिन्यात ऑइल, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या विषयावर ऑइल. आणि गाडीचा उपयोग काय? रोज संध्याकाळी काकूंना शेजारी बसवायचं आणि मोहन्याच्या बाजूला एक फेरी मारून परत यायचं. उतरायचं नाही, भाजी आणायची नाही, काही नाही. काकूंना अलीकडे विसरायला होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या फारशा बोलत नसत. आपण "काय काकू, बऱ्या ना?" म्हटलं की पदर सारखा करायच्या आणि हसायच्या. त्यांना हवा खायला नेतात, एवढंच मी धरून चाललो होतो. हवा खायला रिक्षाही चालली असती.

शेवटी मीच कंटाळून ठाण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपची वेळ घेतली आणि काकांना म्हणालो, "शनिवारी जायचं. तिथे जे सांगतील ते करायचं. यापुढे माझ्या दारात रुमाल आणायचा नाही." काका निमूटपणे हो म्हणाले. मला वाटलं, जिंकलो.

शनिवारी काकू पुढे, मी मागे. शीळ रोडला लागलो. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला आणि माझी मान मागून कुणीतरी टपली मारावी तशी पुढे गेली. पुढून काकूंचा आवाज आला, "अहो, हळू."

"हो गं," काका म्हणाले.

पुढच्या सिग्नलला पुन्हा हिसका, पुन्हा "अहो, हळू", पुन्हा "हो गं". सबंध रस्ताभर हेच. माझ्या मनात आलं, बिचारीची कंबर मोडत असेल. बरं झालं वेळ घेतली.

वर्कशॉप चकाचक होतं. टाय लावलेल्या एका पोरगेल्या मॅनेजरने गाडी चालवून बघितली आणि खुशीत परत आला. "काका, तुम्ही लकी आहात. आपल्याला वाटलेलं चकत्या गेल्या असतील, पण अजून दम आहे. ऑइल बदललं की गाडी सुटेल. वेळेत आलात, नाहीतर अजून काही महिन्यांत बॉक्सच बसला असता."

मला इतका आनंद झाला की मी त्या पोराचा हात हातात घेऊन हलवला. एवढ्या मोठ्या कोड्याचं सरळ, चांगलं उत्तर निघालं होतं. काका मात्र काचेपलीकडे बघत होते. काकू तिथे बाकावर हातात पर्स धरून बसल्या होत्या.

"आणि हिसका?" काकांनी विचारलं.

"जाणार ना."

"पूर्ण?"

"एकदम मक्खन! गिअर कधी पडला ते काकूंना कळणारसुद्धा नाही."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी काउंटरवरची गाडीची चावी उचलली. "राहू दे. आज नको."

माझा तोल सुटला. मी चारचौघांत आवाज चढवला, सुट्टी फुकट घालवल्याचं बोललो, डोकं ठिकाणावर आहे का असंही विचारलं. काका मला बाहेर पंक्चरच्या टपरीपाशी घेऊन गेले.

"गेल्या पावसाळ्यात हिला डॉक्टरकडे नेलेलं," ते म्हणाले. "तरुण डॉक्टर होता. माझ्याकडे बोट दाखवून हिला विचारतो, हे कोण? यांचं नाव सांगा. ही गप्प. त्याने लगेच लिहिलं, नवऱ्याला ओळखत नाही. मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, डॉक्टर, लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर या बाईने माझं नाव कधी घेतलेलं नाही. धडधाकट होती तेव्हा घेतलं नाही, ते तुमच्या कागदासाठी घेईल? तो हसला."

मी त्यांच्या जवळ सरकलो.

"पण सावंत, घरी आल्यावर बघितलं. 'अहो' पण गेलेलं. मला बघून पदर सारखा करते, पाहुणा आल्यासारखी. दिवस दिवस एक शब्द नाही. फक्त गाडीत. हिसका बसला की तोंडातून निघतं. तेवढ्यापुरता मी तिचा नवरा असतो." त्यांनी चावी मुठीत घट्ट धरली. "आता ऑइल नाही बदललं तर गाडी बसणार, हे मला कळतं. मी बॉयलरवर होतो, मला शिकवू नका. आणि बदललं तर गाडी गुळगुळीत. काय करू ते सांगा. तुम्ही तेलातली माणसं ना?"

मला रडू आलं. ऑइलबद्दल त्यांना आजवर भेटलेल्या प्रत्येक माणसाने काहीतरी सल्ला दिला होता. माझ्याकडे नव्हता, आणि अजूनही नाही.

परतीला मुंब्रा बायपास नेमका मोकळा मिळाला. गाडी एका चालीत चालली होती आणि गिअर बदलायचं कारणच पडत नव्हतं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. उतार संपल्यावर काकांनी पाय काढला, गाडी पार रांगायला लागली. मागून एका ट्रकवाल्याने हॉर्न मारला. मग काकांनी पाय दाबला. हिसका बसला.

काकू बोलल्या नाहीत.

काकांनी पुन्हा वेग कमी केला, पुन्हा पाय दाबला. माझी मान पुढे गेली. काकूंची पर्स मांडीवरून खाली पडली, ती त्यांनी वाकून उचलली आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या. आरशात काकांचे डोळे मला दिसत होते. मी दुसरीकडे बघितलं. पुढची सीट दोन्ही हातांनी धरून मी बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादी गाडी आणखी वाईट चालावी म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत होतो.

शीळफाट्याच्या अलीकडे काकांनी तिसऱ्यांदा पाय दाबला. हिसका असा बसला की माझे दात वाजले.

"अहो," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघं वाट बघत राहिलो. पुढचं "हळू" काही आलं नाही.

"बास," काका म्हणाले. "तेवढं पुरे." आणि गाडी त्यांनी अगदी सावकाश डावीकडे घेतली.