तिन्ही फेज गेले!

वायरमननं लेकीला फोन केला, तेव्हा जावयाची तीन साहेबांसमोरची मुलाखत कॉम्प्युटरवर ऐन रंगात आली होती. बरेच महिने घरी बसलेल्या माणसाला ही नोकरी हवीच होती. लेक स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजली, "बाबा, तिघांनी मिळून नुसतं भाजून काढलंय. पण हे एकदम अनफेझ्ड!"

"अनफेज? काय सांगतेस! तिन्ही?"

"हो ना, तिघंही!" म्हणून तिनं फोन ठेवला.

वायरमननं पक्कड खिशात कोंबली. विजेचे तीन फेज, तिन्ही भाजलेले, आणि ऐन मुलाखतीत! शिडी खांद्यावर टाकून तो शेजारच्या गल्लीतून धावत सुटला. लेकीच्या इमारतीचा मेन स्विच जिन्याखालीच होता. आधी मेन बंद, मग बोलणं, हा त्याचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यानं खटका ओढला.

वर पंखा थांबला, कॉम्प्युटर गेला, पडद्यावरचे तिघे साहेब अर्ध्या प्रश्नात गडप झाले. जावयानं शांतपणे मोबाइलवरून त्यांना पुन्हा गाठलं. "माफ करा, वीज गेली. हं, तर मी सांगत होतो..."

तेवढ्यात दार ढकलून सासरे आत आले आणि त्याच्या खुर्चीमागे शिडी लावून थेट वर चढले.

"कुठं जळलंय? कुणी हात लावू नका!"

"अहो बाबा, काही जळलेलं नाही!" लेक रडकुंडीला आली. "अनफेझ्ड म्हणजे न डगमगणारा! काही होवो, ढिम्म हलत नाही असा माणूस!"

"मग तसं मराठीत सांगायला काय झालं होतं? अख्खी इमारत बंद पाडली ना मी!"

मोबाइलमधून हसू फुटलं. "मागे शिडीवर कोण आहेत?"

"सासरे. वायरमन आहेत," जावई म्हणाला, जणू प्रत्येक मुलाखतीला सासरे शिडीवर असतातच.

"त्यांना द्या जरा फोन. काका, आमच्या ऑफिसात एसी लावला की दिवे जातात. कुणाला कारण सापडत नाही. याल का?"

जिवंत तारांत हयात घालवलेला वायरमन चाचरला. "सर... म्हणजे... हो सर... येतो सर!" शिडी लटलट हलत होती. ती जावयानंच धरली.

संध्याकाळी निरोप आला. जावयाला नोकरी लागली होती, रुजू व्हायचं पुढच्या महिन्यात. लेकीनं दोघांना मिठीच मारली.

वायरमननं शर्टाची कॉलर नीट केली. "जावईबापू, मला उद्यापासूनच बोलावलंय. म्हणजे तिथं मी तुम्हाला सीनियर. काही अडलं तर विचारा, लाजू नका."